बुंध्यावरच्या छत्र्यांचं आडनाव का बदललं?

जुलैत चार दिवस सलग पाऊस लागला की तोडलेल्या झाडाच्या बुंध्याभोवती एका रात्रीत शेकडो बारक्या छत्र्या उभ्या राहतात. एकेकीची टोपी अर्धा ते दीड सेंटिमीटर. रंग आधी मळकट पांढरा, मग राखाडी, शेंड्यावर तपकिरी डाग. कडेपासून शेंड्यापर्यंत परकराच्या घेरासारख्या चुण्या पडलेल्या. देठ इतका नाजूक, की चिमटीत धरला तर पिचतो. एक-दोन दिवसांत सगळा थवा सुकून मातीला मिळतो. आपण त्याला सरसकट 'कुत्र्याची छत्री' म्हणतो आणि पुढे जातो.

हल्ली मात्र मोबाइलवर फोटो काढून नाव शोधणारे पुष्कळ झालेत, आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. जुन्या पुस्तकात या छत्रीचं नाव 'कॉप्रिनस डिसेमिनेटस' असतं, अ‍ॅप मात्र 'कॉप्रिनेलस डिसेमिनेटस' सांगतं. आणखी खोदलं तर 'सॅथिरेला डिसेमिनेटा' सापडतं, 'स्युडोकॉप्रिनस डिसेमिनेटस'ही सापडतं. जीव एकच आणि नावं चार. शास्त्रज्ञांचं आपसात पटत नाही, की त्यांना दुसरा उद्योग नाही, असा प्रश्न कुणालाही पडेल. मला स्वतःला या नावबदलाची गोष्ट फार महत्त्वाची वाटते. 'दिसतं तसं नसतं' हे बुरश्यांच्या बाबतीत किती खरं आहे, ते इतक्या स्वच्छपणे दाखवणारी दुसरी गोष्ट क्वचितच मिळेल.

## छत्री वर दिसते, बुरशी आत असते

आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे पूर्ण जीव नव्हे. खरी बुरशी लाकडाच्या आत बारीक तंतूंच्या रूपाने महिनोन्‌महिने पसरलेली असते. बीजाणू, म्हणजे जिच्यातून नवी बुरशी उगवते ती डोळ्यांना न दिसणारी पूड, हवेत सोडायची वेळ झाली की ती छत्री बाहेर काढते. काम झालं की छत्रीची गरज संपते.

आत चाललेलं काम लाकूड पचवण्याचं असतं. लाकडात मुख्यतः दोन गोष्टी असतात. सेल्युलोज हा तंतुमय भाग, आणि त्या तंतूंना घट्ट बांधून ठेवणारं लिग्निन. लिग्निन पचवणं महाकठीण. ते ज्या बुरश्यांना जमतं त्यांनी पोखरलेलं लाकूड फिकट, ओलसर आणि धागेदार होतं. त्याला पांढरी कुज म्हणतात. कॉप्रिनेलसची गणना साधारणपणे याच गटात होते. त्याच्या काही जाती शेणावरही वाढतात, पण बुंधे, पुरलेली मुळं आणि पडकी लाकडं ही त्याची नेहमीची ठिकाणं.

'माझ्या अंगणातल्या झाडाखाली उगवलीय, झाड मरेल का?' असं पुष्कळ जण विचारतात. ही छत्री मेलेल्या लाकडावर जगते. जिवंत झाडाच्या पायाशी ती दिसली तर तिथे मातीखाली एखादं मेलेलं मूळ किंवा जुना ओंडका असण्याची शक्यता जास्त. ती आली म्हणून झाड तोडायची गरज नाही. कॉप्रिनेलसच्याच काही जाती लाकडावर नारिंगी-तपकिरी केसाळ गादी पसरतात, आणि परदेशात त्या कधीकधी गळक्या न्हाणीघराच्या ओल्या लाकडातूनही उगवतात. तिथे छत्र्या उपटून उपयोग नसतो. गळती बंद करावी लागते.

## शाई होणाऱ्या छत्र्या

नावाचा घोळ कळायला आधी एक अजब गुण समजून घ्यायला हवा. या छत्रीचे बरेच भाऊबंद म्हातारे झाले की वाळत नाहीत, विरघळतात. टोपीची कड आधी काळी पडते, मग ओघळू लागते, आणि काही तासांत देठाच्या टोकाला काळ्या शाईचे थेंब लोंबकळताना दिसतात. पूर्वी या द्रवाची खरोखरच लिहायची शाई करत असत.

हे सडणं नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅनडात काम करणाऱ्या रेजिनाल्ड बुलर या संशोधकाने त्यामागची युक्ती उलगडून दाखवली. छत्रीच्या खालच्या बाजूला पानांच्या चळतीसारखे उभे पडदे असतात, त्यांवर बीजाणू तयार होतात. साध्या भूछत्रात हे पडदे खाली निमुळते असतात, त्यामुळे बीजाणू मधल्या फटीतून सुखरूप खाली पडतात. शाईवाल्या छत्र्यांत पडदे सरळ आणि एकमेकांना खेटून असतात. वर पिकलेला बीजाणू खाली येताना अडकणारच. म्हणून त्यांत बीजाणू खालच्या कडेपासून क्रमाने पिकतात. कडेचे बीजाणू उडून गेले की ती रिकामी पट्टी स्वतःच्याच पाचकद्रव्यांनी विरघळते आणि वरच्या पट्टीला वाट मोकळी होते. मग ती पट्टी पिकते, रिकामी होते, विरघळते. असं करत करत पूर्ण टोपी संपते. ओघळणाऱ्या शाईत असतात ते मागे राहिलेले थोडे बीजाणू. बहुतेक आधीच हवेत गेलेले असतात.

इतकी विलक्षण व्यवस्था पाहिल्यावर कुणालाही वाटेल, की हे करणाऱ्या सगळ्या छत्र्या एकाच घराण्यातल्या असणार. वैज्ञानिकांनाही दोनशे वर्षं तसंच वाटलं.

## प्रजाती, जाती आणि पाटील

दोन शब्द इथे एकदाच समजून घेऊ. शास्त्रीय नावातला पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. 'कॉप्रिनेलस डिसेमिनेटस'मध्ये कॉप्रिनेलस ही प्रजाती आणि डिसेमिनेटस ही तिच्यातली एक जाती. जवळच्या प्रजाती मिळून कुल होतं.

प्रजातीचं नाव आडनावासारखं असतं. आता महाराष्ट्रात 'पाटील' हे आडनाव घ्या. मराठा पाटील आहेत, आगरी पाटील आहेत, कोळी, जैन, लिंगायत पाटील आहेत. पाटीलकी हे गावचं काम होतं, आणि ज्याच्याकडे ते काम त्याला ते आडनाव लागलं. कोल्हापूरकडचे पाटील आणि अलिबागकडचे पाटील यांचं आडनाव एक म्हणून कुणी त्यांना भाऊबंद धरत नाही. वंशावळ काढायला बसलं तर दोघांचे मूळपुरुष वेगळेच निघतील.

'कॉप्रिनस' हे नाव असंच कामावरून पडलं होतं. शाई होणं हे त्या छत्र्यांचं काम. वंशावळ कुणी तपासलेली नव्हती, कारण ती तपासायचं साधनच हाती नव्हतं.

## रंगावरून लावलेली मांडणी

कॉप्रिनस ही प्रजाती क्रिस्टियान पर्सून यांनी १७९७ मध्ये मांडली. त्यांच्यानंतर स्वीडनच्या एलियास फ्रिस यांनी १८२१ पासून भूछत्रांची जी व्यवस्था लावली, ती बीजाणूंच्या रंगावर उभी होती. पांढरे, गुलाबी, तपकिरी, जांभळट, काळे. ही पद्धत आजही उपयोगी आहे आणि घरी करून पाहता येते. ताज्या छत्रीची टोपी तोडून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची, सकाळी उचलायची. आपल्या बुंध्यावरच्या छत्रीने कागदावर काळसर रेघांचा गोल उमटवलेला दिसेल.

काळे बीजाणू, पातळ टोपी, शाई होणारं अंग अशा खुणा पाहून शंभरावर जाती कॉप्रिनसमध्ये भरती झाल्या. लाकडावरच्या, शेणावरच्या, गवतातल्या, सगळ्या.

यात कायम नडत राहिली ती आपली डिसेमिनेटस. तिचे बीजाणू काळे, चुण्या तशाच, पण ती शाई होत नाही, नुसती सुकते. मग तिला ठेवायचं कुठे? शाईशिवायची म्हणून कुणी तिला सॅथिरेलात टाकलं. फ्रान्सच्या कूनर यांनी तिच्यासाठी स्युडोकॉप्रिनस ही वेगळी प्रजाती सुचवली. डेन्मार्कच्या याकोब लांगे यांनी १९३८ मध्ये तिला कॉप्रिनेलस म्हटलं. बाकीच्यांनी ती कॉप्रिनसमध्येच ठेवली. सुरुवातीला आलेल्या चार नावांचा उगम हा. प्रत्येकाने एकेका खुणेला जास्त वजन दिलं, आणि त्या काळात एकाचं बरोबर, दुसऱ्याचं चूक, असं ठरवायला आधार नव्हता.

## वंशावळ हाती आली

१९९० च्या दशकात हा आधार मिळाला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जॉन हॉपल आणि रायटस विल्गॅलिस यांनी या छत्र्यांच्या डीएनएतला एक ठरावीक तुकडा वाचून जातीजातींत ताडून पाहिला. तत्त्व सोपं आहे. पिढ्यान्‌पिढ्या डीएनएची नक्कल होताना त्यात तुरळक बदल होत जातात. दोन जातींचा पूर्वज जितका अलीकडचा, तितके त्यांच्यातले फरक कमी. फरकांची मांडणी केली की कोण कुणाचा जवळचा, हे समजू लागतं.

निकाल धक्का देणारा होता. कॉप्रिनस हे एक घराणं नव्हतंच. ज्याला कॉप्रिनसचा नमुना मानलं जात होतं, तो उंच, झिपऱ्या टोपीचा 'कॉप्रिनस कोमेटस' निघाला बटण मशरूमच्या घराण्यातला. आपण भाजीवाल्याकडून पाकिटात घेतो ते पांढरं मशरूम त्याच्या जवळचं, आणि बुंध्यावर उगवणाऱ्या इतर शाईवाल्या छत्र्या त्याच्यापासून लांबच्या! उरलेल्या जवळजवळ सगळ्या शाईवाल्या जाती सॅथिरेलाच्या घराण्यात गेल्या, आणि तिथेही त्यांचे तीन वेगवेगळे गट पडले. मधेमधे शाई न होणाऱ्या जाती होत्याच.

याचा अर्थ, शाई होण्याची ती अवघड युक्ती बुरश्यांमध्ये एकाहून जास्त वेळा, स्वतंत्रपणे उपजली. एका घराण्याचा वारसा म्हणून जिच्याकडे बघितलं जात होतं, ती वेगवेगळ्या घराण्यांनी आपापल्या वाटेने गाठलेली होती. माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत मोठा शोध हाच आहे. नावबदल त्याच्या मागून आला.

एवढं कळल्यावर जुन्या सूक्ष्मदर्शी नोंदींकडे परत पाहिलं, तर खुणा तिथेही होत्या. कोमेटसच्या देठाला कडं असतं आणि पोकळ देठाच्या आत कापसासारखा एक धागा लोंबतो. कॉप्रिनेलसच्या टोपीची साल गोलसर पेशींची. वर गोल पेशींचे दाणे, जे काही जातींत अभ्रकाच्या चुऱ्यासारखे चमकतात आणि एका सरीत धुऊन जातात, किंवा मग सूक्ष्म केस. डिसेमिनेटसची टोपी भिंगाखाली तिरक्या उजेडात धरा, केसांची लव स्पष्ट दिसते. दुसऱ्या एका गटात सालीच्या पेशी लांबट असतात. जाणकारांनी हे फरक टिपून ठेवले होते, फक्त शाईच्या मानाने ते किरकोळ ठरवले गेले होते.

## मग मूळ नाव कुणाकडे?

घराणी वेगळी निघाली, पण 'कॉप्रिनस' हे नाव कुणी ठेवायचं? इथे भावना किंवा बहुमत चालत नाही, नियम चालतो. प्रत्येक प्रजातीची एक जाती तिचा प्रमाण नमुना म्हणून ठरलेली असते. फाटाफूट झाली तर नाव त्या नमुन्याबरोबर जातं. वाटण्या झाल्या तरी पाटीलकीचं वतन मूळ वाड्याकडे राहावं, तसं.

कॉप्रिनसचा नमुना होता कोमेटस. त्यामुळे तो गेला तिकडे नावही गेलं, आणि मागे राहिलेल्या शंभरावर जातींना नवं आडनाव शोधावं लागलं. २००१ मध्ये स्कॉट रेडहेड, विल्गॅलिस, हॉपल आणि सहकाऱ्यांनी ती वाटणी जाहीर केली. कॉप्रिनेलस, कॉप्रिनॉप्सिस आणि पॅरासोला अशा तीन प्रजाती झाल्या. यातली पहिली दोन नावं नव्याने पाडलेली नाहीत. फिनलंडच्या पेटर कार्स्टेन यांनी ती अनुक्रमे १८७९ आणि १८८१ मध्ये दिली होती आणि नंतर ती अडगळीत पडली होती. तिसरं तेवढं नवं. खुद्द कॉप्रिनसमध्ये हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या जाती उरल्या.

परिणाम कुलापर्यंत पोचला. पूर्वी या सगळ्यांचं कुल 'कॉप्रिनेसी' होतं. ज्याच्यावरून ते नाव पडलं तो कॉप्रिनसच बटण मशरूमच्या कुलात गेल्यावर ते नाव मागच्यांना वापरता येईना. म्हणून 'सॅथिरेलेसी' हे कुल उभं करावं लागलं.

हे सगळ्यांना रुचलं नाही. मूठभर जातींसाठी शंभरावर नावं बदलण्यापेक्षा नमुनाच बदला, दुसरी एखादी जाती प्रमाण धरा आणि 'कॉप्रिनस' हे नाव बहुसंख्यांकडे राहू द्या, असा रीतसर प्रस्ताव त्याच वर्षी आला. प्रस्तावात तथ्य होतं. तरीही तज्ज्ञांच्या समितीने तो फेटाळला.

## 'नावं बदलून कुणाचं भलं झालं?'

हा आक्षेप रास्त आहे, कारण त्रास खरा आहे. प्रयोगशाळांच्या एका जुन्या लाडक्या बुरशीचंच बघा. भूछत्र तयार कसं होतं, हे समजून घ्यायला जगभर 'कॉप्रिनस सिनेरियस' वापरली गेली. आता तिचं नाव 'कॉप्रिनॉप्सिस सिनेरिया'. तिच्यावरचं संशोधन शोधायचं तर दोन्ही नावांनी शोधावं लागतं. फार जुन्या लेखांत तर 'लॅगोपस' हे तिसरंच नाव भेटतं. २००७ मध्ये एका कॉप्रिनेलसमधून एक उपयोगी विकर (एन्झाइम) मिळाल्याचा शोधनिबंध आला, त्याच्या शीर्षकातही जुनंच 'कॉप्रिनस' होतं. नावबदलाला सहा वर्षं उलटून गेली होती.

पण जुनं नाव ठेवण्याचीही किंमत असते. 'कॉप्रिनॉप्सिस ॲट्रामेंटेरिया' ही शाईछत्री पूर्वी कोमेटसच्याच प्रजातीत गणली जायची. कोमेटस कोवळा असताना खातात, चीनमध्ये त्याची शेतीही होते. ॲट्रामेंटेरियात मात्र 'कॉप्रिन' नावाचं द्रव्य असतं. ते शरीरात दारू पचण्याची प्रक्रिया मध्येच अडवतं. त्यामुळे ही छत्री खाऊन त्याच दिवशी किंवा पुढच्या काही दिवसांत दारू प्यायली, तर चेहरा लालबुंद होतो, छातीत धडधडतं, मळमळतं. १९७५ मध्ये ते द्रव्य वेगळं काढण्यात आलं. कोमेटसमध्ये ते नाही. आडनाव एकच असल्याने एकाचे गुणदोष दुसऱ्याला चिकटवले जाण्याचा धोका इथे अगदी उघड आहे. एका जातीत काय सापडलं यावरून दुसरीत काय असेल, हा अंदाज आपण नात्याच्या भरवशावर बांधतो. नातंच खोटं असेल तर अंदाज कसा टिकेल?

हेच सिनेरियाच्या अभ्यासालाही लागू पडतं. ती शाई कशी होते हे समजलं म्हणून कोमेटसची शाईही तशीच होत असेल, असं आता धरता येत नाही. ते वेगळं तपासावं लागतं.

खाण्याचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट सांगतो. फोटोवरून, अ‍ॅपवरून किंवा या लेखावरून ओळखून कुठलंही रानातलं भूछत्र खाऊ नका. बुंध्यावरची डिसेमिनेटस इतकी पातळ असते, की तिच्यात खाण्यासारखं काही नाहीच.

## 'डीएनए म्हणेल तेच खरं का?'

नाही, आणि कुणी जबाबदार अभ्यासक तसं म्हणतही नाही. सुरुवातीचा निष्कर्ष मुख्यतः एका जनुकाच्या तुकड्यावर उभा होता. एका तुकड्याचा इतिहास आणि पूर्ण जातीचा इतिहास दर वेळी जुळेलच असं नाही. म्हणून आता अनेक जनुकं एकत्र वाचतात आणि त्यांच्या निकालाला सूक्ष्मदर्शीखाली दिसणाऱ्या खुणांचा दुजोरा आहे का, ते बघतात. कोमेटस वेगळ्या घराण्यातला, हा निष्कर्ष पुढच्या तपासण्यांतही टिकला. आतल्या वाटण्या मात्र हलत राहिल्या.

२०२० मध्ये वेश्टर आणि मेल्झर या जर्मन अभ्यासकांनी सॅथिरेलेसी कुलाची पुन्हा मांडणी केली आणि कॉप्रिनेलसमधल्या, टोपीवर सूक्ष्म केस असलेल्या बऱ्याच जाती काढून 'टुलोसेसस' ही नवी प्रजाती केली. गंमत अशी, की डिसेमिनेटसच्या टोपीवरही केस असतात, पण वंशावळीने तिला कॉप्रिनेलसमध्येच ठेवलं. नुसत्या केसांवरून निर्णय घेतला असता तर पुन्हा तीच जुनी चूक झाली असती.

## 'परत बदलणारच, तर लक्षात कशाला ठेवायचं?'

बदलतो तो नावातला पहिला शब्द. पर्सून यांनी दिलेलं 'डिसेमिनेटस' चार प्रजातींत फिरलं, पण टिकून राहिलं. शोध घेताना दुसरा शब्द धरून ठेवलात तर माग सहसा सुटत नाही. शिवाय बुरश्यांच्या नावांचे 'इंडेक्स फंगोरम' आणि 'मायकोबँक' असे खुले संग्रह इंटरनेटवर आहेत. जुनं नाव टाकलं की आजचं नाव मिळतं. १ जानेवारी २०१३ पासून नव्या बुरशीचं नाव अशा मान्य संग्रहात नोंदवल्याशिवाय ग्राह्यच धरलं जात नाही.

नावापेक्षा जपून ठेवलेली प्रत्यक्ष छत्री, म्हणजे संग्रहातला नमुना महत्त्वाचा, कारण नाव कितीही फिरलं तरी नमुना पुन्हा तपासता येतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत बुरश्यांचा राष्ट्रीय संग्रह आहे, तो याचसाठी. नीट सुकवून ठेवलेल्या टोपीतून पुढे कित्येक वर्षांनीही डीएनए मिळू शकतो. नुसत्या फोटोतून तो मिळणार नाही.

तेव्हा या पावसात बुंध्यावर ही छत्री दिसली तर फोटो वरून एक, खालून एक आणि पूर्ण थव्याचा एक असे घ्या. झाड कशाचं होतं, लाकूड किती कुजलेलं होतं, तारीख, ठिकाण लिहा. वाटीखाली टोपी ठेवून बीजाणूंचा रंग पाहा. दुसऱ्या दिवशी परत जाऊन छत्री सुकली की ओघळली, तेही टिपा. या गटात ती नोंद सोन्याच्या मोलाची, आणि एकाच फोटोत ती कधीच येत नाही. नावाच्या जागी आज 'कॉप्रिनेलस डिसेमिनेटस' लिहा. सूक्ष्मदर्शीखाली पाहिलेलं नसेल तर त्याआधी 'बहुधा' हा शब्द घाला.